पेटी खरवडू नका, पुसा

वाचकाचं पत्र :

"काका, नमस्कार. दसऱ्यानंतर घर आवरायला काढलं तेव्हा माळ्यावर माझ्या आजोबांचा फोनो, म्हणजे जुना ग्रामोफोन, सापडला. आजोबा मुंबईला गोदीत नोकरीला होते. बोटीने दाभोळपर्यंत आणि तिथून होडीने गोवळकोटला, असा त्यांनी तो घरी आणला म्हणे. कर्णा बाहेर नसलेला, पेटीचा फोनो आहे. २०२१ च्या पुरात खालच्या घरात छातीभर पाणी होतं. हा वर होता म्हणून राहिला. चावी फिरते, थाळी फिरते. पण लाकूड काळंकुट्ट आणि चिकट झालंय. झाकणावर पांढरट ढग आलेत आणि मधोमध भांडं ठेवल्यासारखा एक पांढरा गोल डाग आहे. मागच्या फळीला बारीक भोकं आहेत. झाकणाच्या आतलं कुत्र्याचं चित्र मात्र चांगलं आहे. आमचा सुतार म्हणतो, खरवडून मेलामाइन पॉलिश मारू, दोन दिवसांत नव्यासारखा करून देतो. आत्या म्हणते खोबरेल चोळ. मुलगा म्हणतो बेकिंग सोडा लाव. मार्गशीर्षात बाबांना पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी हा वाजावा अशी इच्छा आहे. सोबत काही तबकड्याही आहेत, त्यांना बुरशी आली आहे. काय करू? – एक वाचक, चिपळूण"

ताई, नमस्कार.

आधी सुताराला निरोप पाठवा की एवढ्यात येऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल. तो माणूस काही वाईट मनाने सांगत नाही. रोज कपाटं आणि दरवाजे करणाऱ्याला जुनं पॉलिश म्हणजे काढून टाकायची वस्तू वाटते, आणि दरवाज्याच्या बाबतीत त्याचं बरोबरही असेल. पण तुमच्या पेटीवरचा तपकिरी थर कुणीतरी कापडाच्या बोळ्याने, पातळ हात देत देत चढवलेला आहे. तो एकदा काचपेपरने गेला की परत येत नाही. शिवाय अशा पुष्कळ पेट्या अखंड फळीच्या नसतात. साध्या लाकडावर वरून विनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं, एक मिलिमीटरच्या आतबाहेर. कडेला आणि कोपऱ्यावर काचपेपर दोन-चार वेळा जास्त फिरला की खालचं पांढरं लाकूड उघडं पडतं, आणि मग ते लपवण्यासाठी गडद रंग मारावा लागतो. अशी गडद, काचेसारखी चकचकीत केलेली पेटी बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण आत यंत्र खरं असतं आणि बाहेरून काही ओळखच राहिलेली नसते.

तुमच्या पेटीवर बहुतेक लाखेचं पॉलिश आहे. आपल्याकडचे जुने पॉलिशवाले त्याला चपडीचं पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतात. लाख म्हणजे कुसुम, बोर, पळस अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा थर करतात तो. विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. ती शुद्ध करून तिच्या पातळ पापड्या करतात, ती चपडी. पापड्या स्पिरिटमध्ये भिजवल्या की पॉलिश तयार.

पेटीत ठेवलेल्या तबकड्याही त्याच लाखेच्या आहेत. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी एकत्र करून, गरम असतानाच साच्यात दाबून त्या काढत. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनून इकडे आल्या. कोलकात्यात सियालदाहला कारखाना सुरू झाला तो १९०८ साली. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. म्हणजे लाख इथून जहाजाने जायची आणि गाणं होऊन परत यायची. हे सांगतोय ते नुसतं कौतुक म्हणून नाही. पेटी आणि तबकडी दोघींचे शत्रू एकच आहेत, एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं निम्मं काम सोपं होईल. स्पिरिटने लाख विरघळते. सोडा, अमोनिया, कपड्यांची पावडर असल्या अल्कधर्मी वस्तूंनी ती पांढरी पडते आणि सुटते. पाणी फार वेळ राहिलं तर ढगाळते. उष्णतेने मऊ होते.

आता मुलाच्या बेकिंग सोड्याला मी नाही का म्हणतो ते कळलंच असेल. आत्याबाईंचं खोबरेल मायेपोटी आहे, पण तेही नको. लाकूड 'तहानलेलं' असतं आणि त्याला तेल पाजावं लागतं, ही समजूत सगळीकडे आहे. वर पॉलिशचा थर शाबूत असेल तर तेल आत जातच नाही, वरच बसतं, खवट होतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल त्याहून वाईट. ते वाळून घट्ट होतं, वर्षागणिक काळं पडतं आणि नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. तुमची पेटी चिकट आहे म्हणता, त्यात मागच्या पिढीतलं असंच एखाद्याच्या हातचं तेल असण्याची शक्यता बरीच आहे. दुकानात मिळणारे फवाऱ्याचे चकाकी आणणारे पॉलिशही टाळा. त्यांतल्या पुष्कळांत सिलिकोन असतं. ते एकदा बसलं की त्यावर पुढे लाखेचा हात धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खळगे पडतात.

काम सुरू करण्याआधी वरचा थर नक्की कशाचा आहे हे बघा. पेटीच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी पॉलिश असलेली नखाएवढी जागा निवडा. कान साफ करायच्या कापूसकाडीला हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट लावा आणि तिथे दहा सेकंद टेकवा. जागा चिकट झाली आणि कापसाला तपकिरी रंग आला तर लाख. काहीच झालं नाही तर दुसऱ्या काडीने एनसी थिनर लावून बघा. त्याने मऊ झालं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर, जो १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आला. दोन्हींना दाद दिली नाही तर तेलाचं वार्निश किंवा मधल्या काळात कुणीतरी मारलेलं नवं पॉलिश. पुढे सांगतो ती सफाई तिन्हींवर चालते. ढगांचा उपाय मात्र फक्त लाखेसाठी आहे.

पेटी पुसण्याआधी यंत्र बाहेर काढा. स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, म्हणजे थाळी फिरून फिरून आपोआप थांबेपर्यंत वाट बघा. ताण भरलेला असताना आतला कुठलाही स्क्रू सोडू नका. गव्हर्नर, म्हणजे थाळीचा वेग आवरणारा भाग, सैल झाला आणि स्प्रिंग भरलेली असली तर चाकं भरधाव सुटतात, बोट सापडलं तर सोडत नाहीत. स्प्रिंगचा गोल डबा तर घरी कधीच उघडू नका. आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. मग चावी काढा, थाळी उचला आणि यंत्राची फळी धरणारे स्क्रू सोडा. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला आहे त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसते तो गोल भाग, आणि त्याचा हात जपून धरा. त्यांतले काही भाग ठिसूळ ओतीव धातूचे असतात आणि नुसत्या दाबाने तडकतात. आत काळं ग्रीस लाकडावर ओघळलेलं दिसेल. ते आतल्या बाजूलाच आहे, जास्तीचं टिपून घ्या आणि डाग राहू द्या.

पुढची जाळी आणि तिच्यामागचं कापड धुऊ नका. मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स.

आता सफाई. कोरडा, उजेडाचा दिवस निवडा. खिडक्या उघड्या, जवळ गॅस नको, समई-उदबत्ती नको. पावसाळा संपलाय ते बरंच झालं, दमट हवेत हे काम करूच नये. आधी रंगाऱ्याच्या मऊ ब्रशने कोपऱ्यातली, नक्षीतली धूळ काढा. मग रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणा. ते मेण, तेल आणि धुराचा चिकटा विरघळवतं, पण लाखेला हात लावत नाही. जुन्या बनियनचं कापड त्यात भिजवून घट्ट पिळा आणि एका बाजूच्या वहीएवढ्या तुकड्यावर, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवा. दाब नको. कापड चहासारखं तपकिरी होईल. लगेच घडी बदला, पुन्हा फिरवा. तीन-चार घड्यांनंतर एक क्षण असा येतो की काळ्याशार पृष्ठभागाच्या आतून सोनेरी रेषा वर येताना दिसतात, पाण्याखालचं वाळूचं तळ दिसावं तसं. सागवान असेल तर तुम्हाला ते लगेच ओळखू येईल, घरातल्या जुन्या दारासारखंच. त्या तुकड्याशेजारचा न पुसलेला भाग बघितलात की कळेल, किती वर्षांच्या चुलीचा आणि समईचा धूर त्यावर बसला होता. हे काम मी चाळीस वर्षं करतोय, तरी त्या क्षणी थांबून बघतोच.

सगळी पेटी अशी एकदा पुसून झाली की एक रात्र जाऊ द्या. टर्पेंटाइनने न निघणारी जी घाण उरते ती हाताच्या घामाची, साखरेची, माशांची असते. त्यासाठी वाटीभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरे. कापूसकाडी बुडवून टिपकागदावर टेकवा, मग वापरा. काडी ओलसर हवी, ओली नको. एकदा फिरवलं की नुसत्या पाण्याची दुसरी काडी आणि लगेच कोरडं कापड. विनियरच्या सांध्यावर पाणी थांबू देऊ नका, कारण खाली सरस आहे आणि सरस ओलीने सुटतो. अगदी हट्टी ठिपक्यांसाठी संग्रहालयातले संवर्धक स्वतःची थुंकी वापरतात, हे ऐकून नवल वाटेल. लाळेतल्या विकरांमुळे ती खरोखर काम करते. पोर्तुगालमधल्या तिघांनी यावर रीतसर अभ्यास केला होता आणि त्याबद्दल त्यांना २०१८ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. काडी लाळेने ओली करायची, फिरवायची, टाकून द्यायची, पुन्हा तोंडात घालायची नाही. मागून पाण्याची काडी.

वापरलेली टर्पेंटाइनची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

झाकणातल्या कुत्र्याच्या चित्राबद्दल. इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक अशीच पेटी आली होती. बाकीचं सगळं नीट झालं आणि शेवटी मला वाटलं, चित्राभोवतीची सोनेरी अक्षरं जरा उजळावीत. कापडाला स्पिरिटचा अगदी वास असेल-नसेल एवढा अंश होता. एकदाच फिरवलं. सोनेरी रंग कापडावर आला आणि कुत्र्याचा कान पुसट झाला. ज्यांची पेटी होती ते आजोबा काही बोलले नाहीत. फक्त झाकण हळूच लावलं. तेव्हापासून मी चित्राच्या चारही बाजूंना बोटभर जागा सोडतो आणि आत फक्त मऊ ब्रश नेतो. हे चित्र म्हणजे पातळ छाप असते, लाखेच्या थरावर किंवा दोन थरांच्या मध्ये बसवलेली. ती पाण्यानेही उचलू शकते. तुमचं चित्र चांगलं आहे म्हणता, मग त्याला हातच लावू नका. कडा सुटून पापुद्रे येत असते तर मी तुम्हाला घरी काही करू नका असंच सांगितलं असतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, अशा वेळी तिथल्यासारख्या जाणकारांना विचारावं.

पितळ चमकवायचं पॉलिशही पेटीपासून लांब ठेवा. पुष्कळांत अमोनिया असतो. कड्या आणि बिजागऱ्या चमकवायच्याच असतील तर काढून, दुसऱ्या टेबलावर. मी तर काढूही नका म्हणेन. काळवंडलेली बिजागरी जुन्या पेटीला शोभते.

पांढरे ढग हे लाखेत शिरलेल्या ओलीचे आहेत. पुरानंतरच्या वर्षांत तुमचं सगळं घरच ओल धरून असणार. सफाई झाल्यावर पेटी आधी पंधरा दिवस कोरड्या खोलीत, झाकण उघडं ठेवून राहू द्या. उन्हात नाही, हीटरजवळ नाही. पुष्कळदा हलके ढग एवढ्यानेच विरतात. उरले तर मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून लिंबाएवढा बोळा करा, त्यावर स्पिरिटचे तीन-चार थेंब टाका आणि दुसऱ्या कापडावर दाबून टिपून घ्या. बोळा हाताच्या पाठीला लावला तर गार लागावा, ओला लागू नये. आता तो ढगावरून एका दिशेने सरकन न्या आणि उचला. घार पाण्यावरून कशी जाते, तशी. मध्ये थांबलात तर तिथे कापडाचा ठसा उमटेल. एक हात फिरवून दोन मिनिटं थांबा. लाख क्षणभर मऊ होते, अडकलेली ओल निघून जाते आणि थर पुन्हा नितळ होतो. आधी मागच्या बाजूला हात बसवा आणि मगच झाकणाकडे या. हात थरथरत असेल, मन धजत नसेल, तर ढग राहू द्या. त्यांनी पेटीचं काही नुकसान होत नाही.

लाखेची हीच गोष्ट मला फार आवडते. नवी लाख जुन्या लाखेला विरघळवून तिच्यात मिसळते, म्हणून जिथे थर गेलाय तिथेच हात देता येतो, बाकीचं खरवडावं लागत नाही. कोपऱ्यावर लाकूड उघडं पडलं असेल तर शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये दहा-बारा ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, कापडातून गाळा आणि बारीक ब्रशने तेवढ्याच जागी दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातामध्ये तासाभराचं अंतर ठेवून. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपूर्वी भिजवलेली चपडी वापरू नका, ती वाळतच नाही, बोटाला चिकटत राहते. सुताराला या कामासाठी बोलवायचं असेल तर जरूर बोलवा. पण 'फक्त एवढीच जागा, चपडीनेच' असं शेजारी बसून करून घ्या. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) या पॉलिशांना लाखेसारखं जागच्या जागी मिसळून दुरुस्त करता येत नाही. ते पुढे कधी खराब झाले की सगळंच काढावं लागतं.

पृष्ठभागावर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका. ते लाखेचं वय आहे. विनियर कुठे फुगून सुटलं असेल तर तिथे सुताराकडून सरसच लावून घ्या. फेव्हिकॉल पक्का बसतो, पण पुढच्याला तो सोडवायचा झाला तर लाकूड तोडून सोडवावा लागतो. सरस कोमट ओलीने निघतो.

मागच्या फळीची भोकं. मोहरीएवढी किंवा त्याहून लहान, गोल असतील तर ती भुंगेऱ्यांची. वाळवीची नव्हेत. ती जुनी आहेत की आत अजून कुणी आहे, हे आधी बघायचं. पेटीखाली काळा कागद पसरा, फळीवर बोटाने टकटक करा, जे पडेल ते झटकून टाका आणि पेटी तशीच आठवडाभर ठेवा. कागदावर पुन्हा फिकट, ताजं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. सागवानाला ती सहसा लागत नाही, मागे आणि तळाला हलकं लाकूड किंवा प्लायवुड वापरलेलं असतं, त्याला लागते. जिवंत असेल तर लाकूडकिडीचं काम करणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि औषध इंजेक्शनच्या सुईने, आतल्या बिनपॉलिशच्या बाजूनेच भोकांत द्यायला सांगा. बाहेरून फवारणी नको, त्यातल्या द्रावाने लाख जाईल. त्या वेळी यंत्र आणि कापड बाहेर असलंच पाहिजे. रॉकेल ओतायचा जुना उपाय कुणी सांगेल, तो ऐकू नका. वास वर्षभर जात नाही आणि आगीचं भय वेगळं. पीठ पडलं नाही तर भोकं मेणाने बुजवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवी पडली तर लगेच दिसतील.

सगळ्यात शेवटी मेण. पन्नास ग्रॅम मधमाशीचं मेण किसणीवर किसा, काचेच्या बरणीत घाला आणि वर दीडशे मिलिलिटर टर्पेंटाइन ओता. झाकण लावून दोन दिवस ठेवा, मधून मधून हलवा, म्हणजे लोण्यासारखं होतं. घाई असेल तर झाकण सैल करून बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पण पातेलं शेगडीवरून उतरवून, शेगडी विझवून. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. कापडावर वाटाण्याएवढं मेण घ्या आणि एका बाजूवर इतकं पातळ पसरवा की लावलंय की नाही असं वाटावं. तासाभराने कोरड्या कापडाने घासा. कोकणच्या उकाड्यात मेणाचा जाड थर वाळत नाही आणि धूळ धरतो, म्हणून पातळच. बाजारात कार्नोबा नावाचं कडक वनस्पती-मेण घातलेलं तयार मेण मिळतं, ते जास्त कडक बसतं. मिळालं तर तेच घ्या, फक्त डब्यावर सिलिकोन नाही ना ते बघा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमाराला, पुरे. पन्नास ग्रॅमची बरणी तुम्हाला कितीतरी दिवाळ्या जाईल.

तबकड्या. त्यांना स्पिरिट लावायचं नाही, हे आता सांगायला नको. बुरशी अंगणात नेऊन, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने झटका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये शाम्पूचा थेंब, मऊ ब्रश, लगेच साधं पाणी, आणि उभ्या ठेवून सावलीत वाळवा. मधला कागद भिजू देऊ नका. कागदावर कुणाचं नाव आहे ते मला कळवा. हिराबाई, बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या कोकणातल्या माळ्यांवर अजून सापडतात. वाजवताना सुई पोलादीच असते आणि दर बाजूला नवी घालायची. झिजलेल्या सुईने रेषा कायमच्या कापल्या जातात. शंभराचं पाकीट आणून ठेवा, महाग नसतं.

तुमची पेटी माळ्यावरून निघालेली आहे, त्यामुळे खरेपणाची शंका नाही. पण हे वाचून कुणी चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात फोनो घ्यायला निघाला असेल तर एक सांगतो. लखलखत्या पितळी कर्ण्याचे, आठ कोनी पेटीचे आणि वर कुत्र्याचा बिल्ला ठोकलेले जे दिसतात, त्यांतले बहुतेक अलीकडे सुट्या भागांतून जोडलेले असतात. त्यांना हवं ते पॉलिश मारा.

पुढे ठेवायचं कुठे? माळ्यावर परत नको. बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, थेट ऊन न येणाऱ्या जागी, खाली चार लाकडी ठोकळे. वर प्लॅस्टिक घालू नका, आत ओल कोंडते. सुती पंचा किंवा जुनी चादर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा झाकण उघडून तासभर हवा द्या आणि आत सिलिका जेलची पिशवी ठेवा. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. वर फोटो, फुलदाणी, समई ठेवायची नाही. घरात एकदा मोकळी सपाट जागा तयार झाली की तिथे काहीतरी ठेवलं जातंच, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

पुसायला तीन-चार दिवस, मग पंधरा दिवस हवा, मग ढग आणि मेण. मार्गशीर्षापर्यंत आरामात होईल. यंत्राच्या गव्हर्नरला आणि धुऱ्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या. पहिल्यांदा चावी अर्धीच भरा.

राहिला झाकणावरचा गोल डाग. पांढरा आहे म्हणजे ओल फक्त लाखेत आहे, लाकडापर्यंत गेलेली नाही. ढगांसाठी सांगितलेल्या त्याच बोळ्याने चार-पाच हातांत तो जाईल. पण त्याला शेवटपर्यंत हात लावू नका. आधी बाबांना पेटीजवळ खुर्ची द्या आणि ते फुलपात्र कुणाचं होतं, कोण तिथे ठेवायचं, ते विचारा. त्यांनी राहू दे म्हटलं तर त्यावरून नुसतं मेण फिरवा.